सहीआधीचा हिशेब

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात माणसं कमी होणार अशी कुणकुण लागली की कोल्हापुरात ठरलेला वाद सुरू होतो. उद्योजक, बँकवाले आणि गुंतवणूक सल्लागार म्हणतात, कामगाराला पैसा सांभाळता येत नाही. हातात आलेले चार-पाच लाख लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये आणि पोराच्या गाडीत जातात, तेव्हा त्याला आर्थिक शिस्तीचे वर्ग द्या. युनियनची माणसं उसळून म्हणतात, नोकरी काढून घेताय आणि वर बचतीचे धडे देताय? दोन्हीकडून आवाज चढत जातो, आणि ज्याची नोकरी जाणार आहे तो फौंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला, मोल्डर (साचे घालणारा) किंवा फेटलिंगवाला (ओतीव भाग घासून साफ करणारा) मधल्या आठ दिवसांत एका कागदावर सही करून घरी गेलेला असतो.

त्या सहीबद्दल कुणी बोलत नाही, आणि सगळा प्रश्न तिथंच आहे असं माझं मत आहे. आर्थिक मार्गदर्शन म्हणजे मिळालेले पैसे कुठे गुंतवायचे याचा सल्ला, अशी समजूत दोन्ही बाजूंनी धरून ठेवली आहे. म्हणून एका बाजूला ते उपकारासारखं वाटतं आणि दुसऱ्या बाजूला ढोंगासारखं. कमी होणाऱ्या कामगाराचं सर्वात मोठं नुकसान चेक वटण्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे मार्गदर्शन हवंच. पण ते सहीच्या आधी हवं, कामाच्या वेळेत हवं, आणि देणारा माणूस मालकाच्या पगारावर नको तसा कुठल्या योजनेच्या कमिशनवरही नको.

सहीला इतकं महत्त्व का? कारण एकाच दिवशी, एकाच फाटकातून बाहेर पडणाऱ्या दोन माणसांच्या हक्कांत केवळ कागदाच्या मथळ्यामुळे लाखांचा फरक पडतो. मथळा ‘राजीनामा’ असेल तर कायद्याच्या भाषेत माणूस आपणहून गेला. मथळा ‘छाटणी’ असेल तर त्याला घालवलं. छाटणीत एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार, प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन (शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तेही वर्ष धरायचं), शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम, आणि पुन्हा भरती निघाली तर छाटणी झालेल्यांना आधी बोलावण्याचं बंधन, एवढं सगळं येतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे, फक्त पुन्हा बोलावण्याच्या हक्काला एक वर्षाची मुदत पडली. संहितेने एक भरही घातली: छाटणी झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचं वेतन फेरप्रशिक्षण निधीत भरायचं आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचं. राजीनामा दिला की यातलं काहीच लागू होत नाही. उरते ती ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांवर मोजून नोकरी सुटताना मिळणारी रक्कम), भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि शिल्लक रजेचा पगार, जे निवृत्त होतानाही मिळालंच असतं.

आकड्यांत बघू. मूळ पगार अधिक महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये, नोकरी १७ वर्षं ८ महिने. ग्रॅच्युइटीसाठी वर्षं धरायची १८ आणि महिन्याचे कामाचे दिवस २६: २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १८, म्हणजे २,०७,६९२ रुपये. छाटणीची भरपाई अर्ध्या महिन्याच्या पगाराने १८ वर्षांची, १,८०,००० रुपये. नोटिशीचा पगार २०,०००. एकूण ४,०७,६९२. यात रजेचा पगार धरलेला नाही, थकलेला बोनस धरलेला नाही, पीएफ तर नाहीच नाही. आता ‘राजीनामा लिहून द्या, चार लाख रोख घेऊन जा’ हा प्रस्ताव या हिशेबाशेजारी ठेवा. ऐकायला तो दिलदार वाटतो. प्रत्यक्षात तो कायद्याने किमान देणं असलेल्या रकमेपेक्षा कमी आहे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम म्हणजे कामगाराची स्वतःची ग्रॅच्युइटी. ‘एकरकमी’ हा शब्द त्यासाठीच सोयीचा पडतो. बाबी वेगळ्या लिहिल्या नाहीत की कशाच्या नावाखाली काय मिळालं हे विचारायची सोय राहत नाही.

याच कागदाला आणखी एक शेपूट आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊकच नसतं. पगार २१,००० च्या आत असलेल्यांचे ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) हप्ते कापले जातात. कारखाना बंद पडल्याने किंवा छाटणीत नोकरी गेली आणि किमान दोन वर्षं हप्ते भरलेले असतील, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेरोजगारी भत्ता मिळू शकतो: पहिल्या वर्षी वेतनाच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. आपल्या उदाहरणातल्या माणसाला दुसरं काम न मिळाल्यास तो पहिल्या वर्षी १,२०,००० आणि दुसऱ्या वर्षी ६०,००० पर्यंत जातो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत निम्म्या रोजंदारीइतकी मदत आहे. दोन्हींत स्वेच्छानिवृत्ती बसत नाही, राजीनाम्याचं तर विचारूच नका. म्हणजे मथळ्याची किंमत १,८०,००० ची भरपाई, २०,००० ची नोटीस आणि भत्त्याचे १,८०,००० पर्यंत. एवढ्या पैशांवर पाणी सोडल्यानंतर त्याच माणसाला एसआयपीचं, म्हणजे दरमहा थोडी थोडी गुंतवणूक करण्याचं, महत्त्व समजावून सांगणं ही थट्टा झाली.

स्वेच्छानिवृत्ती वाईटच असते असं मात्र मी म्हणत नाही. वर्षाला ४५ किंवा ६० दिवसांचा पगार देणारी, ग्रॅच्युइटी वेगळी मोजणारी योजना छाटणीपेक्षा फायद्याची ठरते. दहा वर्षं नोकरी किंवा चाळिशी पूर्ण असेल आणि योजना नियमात बसत असेल, तर पाच लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त असते. छाटणीच्या भरपाईलाही तेवढीच मर्यादा आहे. प्रश्न तुलनेचा आहे. आपल्या उदाहरणात स्वेच्छानिवृत्तीचा आकडा ग्रॅच्युइटी धरून सहा लाखांच्या खाली असेल तर ‘ऐच्छिक’ होण्यात कामगाराचा फायदा नाही. ही तुलना एका कागदावर वीस मिनिटांत मांडता येते. ती मांडून देणारा माणूस त्या आठवड्यात कारखान्यात कुठेच नसतो.

आता युनियनचा आक्षेप. तो पोकळ नाही, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, तो कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून थांबत गेल्या आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ या गोंडस नावाखाली माणसं बाहेर पडली. १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला; नव्या आर्थिक धोरणात ज्यांची नोकरी जाईल त्यांचं फेरप्रशिक्षण आणि पुनर्वसन हा त्याचा गाजावाजा. पैसा मुख्यतः सार्वजनिक उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीची देणी भागवण्यात गेला. मार्गदर्शन आणि पुनर्वसन हे शब्द कपातीला गोड वेष्टन म्हणून वापरले जातात, हा संशय इथून येतो. व्यवस्थापनाने बोलावलेला वक्ता ‘नव्या इनिंग’वर तासभर बोलतो आणि भरपाईच्या आकड्यावर एक शब्द काढत नाही, असं शिबिर असेल तर युनियनने त्यावर बहिष्कारच घालावा.

पण या इतिहासातून मार्गदर्शनच नको असा निष्कर्ष कसा निघतो? गिरणी कामगार हरला त्यात राजकारण होतं, जमिनीचे भाव होते, मालकांची पळवाट होती. त्याचबरोबर एक साधी गोष्ट होती: घरात धान्य नसलेला माणूस किती दिवस थांबणार? लढा लांबवायचा असेल तर प्रत्येक घराचा महिन्याचा खर्च, हप्ते आणि हाताशी असलेली रोकड युनियनला माहीत हवी. तीन महिने थांबू शकणारे किती आणि पुढच्या महिन्यातच मोडणारे किती, हे न मोजता दिलेली ‘सही करू नका’ ही हाक पहिल्या हप्त्याच्या तारखेला कोसळते. शिवाय छाटणीआधी घ्याव्या लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा संहितेने १०० वरून ३०० कामगारांवर नेली. कोल्हापुरातल्या किती फौंड्र्यांत आणि मशीनशॉपमध्ये तीनशे कामगार हजेरीवर असतात? परवानगी अडवून ठेवण्याचं हत्यार इथं फार थोड्यांच्या हाती उरलंय. अशा वेळी कामगाराला त्याच्या देण्याचा पै-पै हिशेब करून देणं हे लढ्याचंच काम आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये उभारलेली गिरणी या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या जागेवर काय व्हावं यावर शहर अजून तावातावाने बोलतं. तिथल्या कामगारांच्या हातात शेवटी काय आणि कोणत्या नावाने पडलं, हा विषय कुणाच्या तोंडी नसतो.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा उधळपट्टीचा. तसं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयुष्यभर महिन्याच्या पगारावर जगलेल्या माणसाकडे एकदम पाच लाख आले की घरातले सगळे तुंबलेले खर्च दारात उभे राहतात. पण ज्याला आपण उधळपट्टी म्हणतो त्याचा मोठा भाग जुनं कर्ज असतो. सहकाराच्या या जिल्ह्यात कामगारांच्या पतसंस्था, भिशी, सोनेतारण, बचतगटाचं कर्ज आणि मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता ही एकाच घरातली जोडलेली साखळी आहे. तिच्यातली सगळ्यात धोक्याची कडी म्हणजे जामीनकी. पतसंस्थेच्या कर्जाला एकाच खात्यातले दोन सहकारी जामीन असतात, आणि त्यांच्या कर्जाला हा जामीन असतो. एकट्याची नोकरी गेली तर ही व्यवस्था छान चालते. पूर्ण मोल्डिंग खातं बंद झालं की कर्जदार आणि जामीनदार एकाच दिवशी बिनपगारी होतात. मग वसुली सुरू होते ती ज्याने स्वतःचं कर्ज फेडून टाकलंय अशा शहाण्या माणसाकडून, कारण पैसे त्याच्याकडेच उरलेले असतात. गुंतवणुकीच्या कुठल्या वर्गात हे शिकवतात?

म्हणून सहीआधीच्या कागदावर कर्जाचे दोन रकाने हवेत: मी घेतलेलं आणि मी जामीन असलेलं. फेड करताना आधी खासगी सावकार आणि मायक्रोफायनान्स, मग लिलावाची तारीख जवळ आलेलं सोनेतारण, मग पतसंस्था. घरकर्ज शेवटी, पैसे आलेत म्हणून ते एकदम मिटवू नये, कारण रोकड एकदा विटा-सिमेंटात अडकली की महिन्याचा किराणा पुन्हा २४ टक्क्यांच्या कर्जावर येतो. हप्ते चालू ठेवून किमान सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात बाजूला काढणं ही पहिली गुंतवणूक. आणि एक कायदेशीर गोष्ट: ग्रॅच्युइटीवर न्यायालयाच्या हुकूमनाम्याचीही जप्ती येत नाही. तेव्हा ‘फुल अँड फायनल’च्या (अखेरच्या हिशेबाच्या) गठ्ठ्यात ग्रॅच्युइटीतून कर्जकपातीचं कोरं संमतीपत्र घुसडलेलं असेल तर ते बाजूला काढून वाचावं. कर्ज बुडवा असं मी सांगत नाही. कोणतं कर्ज कधी फेडायचं हे कामगाराने ठरवावं, टाइम ऑफिसने नव्हे.

पीएफबद्दल गैरसमज सर्वात जास्त आणि आरडाओरडा भलत्याच ठिकाणी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर शिलकीतले ७५ टक्के लगेच काढता यावेत, उरलेले २५ टक्के वर्षभरानंतर. आणि पेन्शनच्या रकमेसाठी दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबावं. ‘आमचा पैसा अडवला’ म्हणून त्यावर ओरड झाली. दोन-अडीच लाख काढल्यावर पाऊण लाख व्याजावर राहिला तर कामगाराचं काय बिघडतं, हे मला अजून कळलेलं नाही. २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं; इतकं व्याज आणि इतकी खात्री एकत्र कुठे मिळते? खरं नुकसान पेन्शनच्या खात्यात होतं. दहा वर्षं सेवा भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन, पन्नाशीनंतर घेतलं तर दरवर्षामागे चार टक्के कमी. आठ वर्षांवर नोकरी सुटलेला पस्तिशीचा माणूस दहा-सी अर्ज भरून पेन्शनची जमा रक्कम उचलतो, आणि ती आठ वर्षं पुसली जातात. त्याच अर्जावर योजना प्रमाणपत्र मागण्याचीही सोय आहे. ते घेतलं की पुढच्या कारखान्यातली दोन वर्षं आधीच्या आठांना जोडली जातात. एका खुणेचा फरक आहे. सायबर कॅफेत अर्ज भरून देणारा पोरगा ‘पैसे पायजेत ना?’ एवढंच विचारतो.

आणखी एक काम कारखाना चालू असेपर्यंतच उरकावं. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि पीएफच्या नोंदी यांत फरक असेल, दोन यूएएन (पीएफचे कायम क्रमांक) झाले असतील, जुन्या कंपनीचं खातं जोडलेलं नसेल, तर अनेक दुरुस्त्यांना मालकाची डिजिटल मान्यता लागते. फाटकाला कुलूप लागल्यावर ती देणार कोण? बंद आस्थापनांसाठी वेगळी वाट आहे, पण तिच्यात महिने जातात. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतः टाकता येते. मात्र कारणाचा रकाना नीट बघावा. पाच वर्षं पूर्ण नसताना ५०,००० च्या वर पीएफ काढला तर १० टक्के कर कापतात. कारखाना बंद पडण्यासारख्या, कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर ती रक्कम करपात्र नसते. कराचा बाऊ करण्याची मात्र बहुतेकांना गरज नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारासारख्या साध्या उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत कर पडत नाही. कापला गेलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवायचा, एवढंच.

ईएसआयच्या दवाखान्याचंही तसंच. नोकरी सुटली की कार्ड बाद झालं असं समजून लोक ते ट्रंकेत टाकतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढचा जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यांवर पुढचा जुलै ते डिसेंबर असं हे चक्र चालतं. नोव्हेंबरात काम सुटलेल्याचे आधीच्या एप्रिल-सप्टेंबरात ७८ दिवस भरलेले असतील तर जूनअखेरपर्यंत त्याला आणि घरच्यांना उपचार मिळतात. ज्यांच्या घरी डायलिसिस किंवा बाळंतपण आहे त्यांच्यासाठी कुठल्याही गुंतवणुकीपेक्षा हे मोठं.

‘आता लहान फौंड्रीवाल्याचंही ऐका,’ असं कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. विजेचा दर शेजारच्या कर्नाटकापेक्षा चढा, स्क्रॅप आणि पिग आयर्नचे भाव हलते, ट्रॅक्टर आणि वाहन उद्योगाच्या ऑर्डरी कमी झाल्या की भट्टी आठवड्यातून चार दिवसच पेटते. अशा मालकाकडे चाळीस माणसांची भरपाई एकदम द्यायला पैसे नसतात, हे खरं आहे. पण ग्रॅच्युइटी हे अचानक उगवलेलं देणं नाही. दरवर्षी पगाराच्या साधारण पाच टक्के रक्कम बाजूला काढली किंवा गट ग्रॅच्युइटी विमा घेतला तर ती जवळजवळ तयारच असते. अठरा वर्षं ती न काढता भांडवलात फिरवली असेल तर ते कामगाराकडून बिनव्याजी घेतलेलं कर्ज होतं. मुदतीचा हप्ता चुकला तर बँक मालकाला सोडत नाही. मग कामगारालाच ‘परिस्थिती समजून घे’ का? खरोखर अडचण असेल तर बाबी वेगळ्या लिहून, तारखांसह हप्ते ठरवून, पुढच्या तारखांचे चेक देऊन समझोता करता येतो. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, पुढे वर्षाला १० टक्के सरळ व्याज चढतं, हे त्या समझोत्यात लिहिलेलं असावं.

या सगळ्या वादात ज्यांचा उल्लेखही होत नाही ते कंत्राटी आणि पीसरेटवाले. इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा फौंड्रीत नगावर काम करणाऱ्याची ग्रॅच्युइटी शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी कमाईवर मोजतात, ओव्हरटाइम वगळून. बंद होणारा कारखाना आधी मंदावतो. माग कमी चालतात, नग कमी पडतात, आणि नेमके तेच तीन महिने वीस वर्षांच्या हिशेबाचा पाया बनतात. काम मंद झाल्याची चाहूल लागताच हालचाल करायची ती यासाठी. कंत्राटी कामगाराला अकरा महिन्यांनी ब्रेक, नवा ठेकेदार, नवं ओळखपत्र, पण भट्टी तीच आणि फोरमन तोच. त्याच्यासाठी पीएफचं पासबुक हाच सेवेचा पुरावा असतो: कोणत्या महिन्याला, कोणत्या आस्थापनेकडून हप्ता आला ते त्यात छापलेलं असतं. ते दर सहा महिन्यांनी उतरवून ठेवावं, गेटपास आणि पगारपत्रकाचे फोटो जपून ठेवावेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते, पण पुराव्याशिवाय ती कुणी मान्य करत नाही. मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला नव्या संहितेत एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. हे अनेक एचआरवाल्यांच्याही गावी नाही.

राहिला गुंतवणुकीचा भाग, ज्यावर सगळी शिबिरं खर्ची पडतात. खरं तर तो सगळ्यात छोटा आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रति ठेवीदार प्रति बँक पाच लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत एक लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एका पतसंस्थेत ठेवणाऱ्याने हे आधी ऐकावं. पंचावन्न ते साठ वयात निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळालेल्यांना ते हाती आल्यापासून तीन महिन्यांत टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवता येतात. २०२५ मध्ये तिथं ८.२ टक्के व्याज होतं. महिन्याला पाच-दहा टक्के देतो म्हणणारा कुणीही, मग तो भाचा असो की माजी सुपरवायझर, त्याला चहा पाजून परत पाठवावा. तो नेमका सेटलमेंटच्या आठवड्यात उगवतो, कारण यादी फुटलेली असते. पहिले तीन महिने पैसे बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीत पडू द्यावेत. त्यात थोडं व्याज बुडेल, मुद्दल नाही.

मग हे मार्गदर्शन द्यायचं कुणी? स्वीडनमध्ये १९७४ पासून मालकसंघटना आणि कामगारसंघटना यांनी मिळून चालवलेली परिषद आहे. मालकांच्या वर्गणीतून तिचा खर्च निघतो आणि नोटीस लागताच तिचा सल्लागार माणसाला भेटतो. कोल्हापुरात तिची नक्कल करायला जाऊ नये, पण सामग्री इथंही आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटना आहेत, युनियन आहेत, कामगार कल्याण केंद्रं आहेत, पीएफ आणि ईएसआयच्या कामात मुरलेले निवृत्त कर्मचारी आहेत. प्रत्येक कपातीला दोन बैठका पुरतात. पहिली, प्रस्ताव हाती येण्याआधी: सेवेची वर्षं, पगाराची फोड, पीएफमधल्या चुका, कर्ज आणि जामीनकी यांचं पत्रक भरून घेणं. दुसरी, प्रस्ताव आल्यावर आणि सहीच्या किमान सात दिवस आधी: मिळणारी रक्कम बाबीवार कायद्याच्या आकड्याशेजारी लिहून दाखवणं. या बैठकीला बायकोला किंवा मोठ्या मुलीला बरोबर आणायला सांगावं; घरखर्चाचा खरा आकडा बहुधा तिच्याकडेच असतो.

मालकांची शेवटची भीती उघड आहे: माणसं इतकी शहाणी झाली तर सगळेच कोर्टात जातील. अनुभव उलटा सांगतो. कामगार कोर्टाची पायरी चढतात ते फसवलं गेल्याचं मागाहून कळल्यावर. गावातल्या कुणा वकिलाने सहा महिन्यांनी कागद वाचून दाखवला की. संहितेत वाद समेट अधिकाऱ्याकडे नेण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. घाईत घेतलेल्या सहीवर मालकाची ती दोन वर्षं टांगणीला राहतात, आणि जुन्या तारखेच्या राजीनाम्यांचा गठ्ठा कोर्टात त्याच्याच विरुद्ध बोलतो. बाबीवार लिहिलेलं, समोर बसून समजावलेलं, दोन साक्षीदारांच्या सहीचं तडजोडपत्र मोडून काढणं फार अवघड जातं. चाळीस माणसांसाठी दोन दुपारी भट्टीवरून मोकळ्या कराव्या लागतील, तेवढाच त्याचा खर्च.